पाचपैकी पाच

कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढंच होतं, पण कागद जाड आणि गुळगुळीत. वर पाच सोनेरी चांदण्या, त्याखाली मजकूर: आमचा कूलर आवडला? पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, ३०० रुपये कॅशबॅक मिळवा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या, त्या मी त्या दिवशी वाचल्याच नाहीत. एक, या कार्डाचा उल्लेख किंवा फोटो रिव्ह्यूमध्ये टाकू नये. दोन, काही अडचण आल्यास कमी स्टार देण्याआधी आमच्याशी संपर्क साधावा.

मार्च अर्धा सरला होता. नागपुरात या दिवसांत घरोघरी कूलरची लगबग असते. माळ्यावरून स्टँड खाली येतो, गेल्या वर्षीच्या ताट्या निघतात, टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा क्षार खरवडायचा असतो, पंप बादलीत बुडवून चालतो का ते पाहायचं असतं. आमचा लोखंडी बॉडीचा कूलर सोळा वर्षांचा. तळ गंजून गळायला लागला होता. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, त्यांच्या खोलीत हलका, चाकांवर सरकणारा, हनीकोंब पॅडचा कूलर हवा म्हणून मी ऑनलाइन शोधला. रिव्ह्यू चांगले होते. ७,४०० रुपये भरले, चौथ्या दिवशी खोका त्रिमूर्तीनगरात आमच्या दारात. कार्ड त्या खोक्यातलंच.

तिसऱ्या दिवशी मी रिव्ह्यू लिहिला. ‘हवा छान लागते. आवाज अगदी कमी. घरात वयस्कर माणसं असतील तर जरूर घ्या.’ पाच स्टार. स्क्रीनशॉट पाठवला आणि वीस मिनिटांत यूपीआयने ३०० रुपये जमा झाले. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता. तीन दिवसांत कूलर रोज तासभर चालला होता, तोही संध्याकाळी, अंगाची लाही व्हायचे दिवस अजून दूर असताना. हवा छान लागत होती. आवाज कमी होता.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. म्हणजे बत्तीस वर्षं गुण दिले. एकदा नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेतलेले असताना एका मुलाचे वडील घरी आले. इतवारीत त्यांचं धान्याचं दुकान होतं. हातात संत्राबर्फीचा डबा आणि एक ड्रेसपीस. तोंडाने काहीच मागितलं नाही त्यांनी. मुलाची तब्येत, शाळेची इमारत, असं इकडचं तिकडचं बोलत बसले. मी चहा दिला आणि निघताना डबा आणि कापड त्यांच्या हाती परत ठेवून म्हटलं, “निकाल लागू द्या, मग पेढे घेऊन या.” मुलाला शंभरपैकी एकेचाळीस पडले. तरी ते गृहस्थ पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले, स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटले.

डबा तोच, माणूस तोच. एकदा तो पेपर तपासण्याआधी आला आणि एकदा नंतर. यातला फरक मला तेव्हा कुणी समजावून सांगावा लागला नाही. ३०० रुपये घेताना मात्र तो डबा मला आठवला नाही.

आठवला तो मे महिन्यात.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला तेव्हा कूलर दिवसरात्र चालू होता. बंद असायचा तो पाणी भरण्यापुरता. आधी मोटरची गुणगुण सुरू झाली. मग गुणगुणीची घरघर झाली आणि मध्यरात्रीनंतर ती इतकी वाढायची, की शेजारच्या खोलीतून आम्हाला ऐकू यायची. चौथ्या रात्री सासूबाई उठून बसल्या. “सूनबाई, बंद कर व बाई हा. याच्यापरीस गरमी बरी.” पहाटे तीनला चौऱ्याऐंशी वर्षांची बाई ओलं पातळ अंगावर घेऊन पलंगावर बसून राहिली. तिच्याकडे पाहताना ‘आवाज अगदी कमी’ हे माझे शब्द मला आठवले नाहीत, असं म्हणणं खोटं होईल.

त्याच आठवड्यात संकेतस्थळाकडून एक ईमेल आला. तुम्ही घेतलेल्या वस्तूबद्दल एका ग्राहकाने प्रश्न विचारला आहे, तुम्ही उत्तर देऊ शकाल का? प्रश्न मराठीतच होता. ‘रात्री आवाज होतो का? घरी म्हातारी आई आहे, तिला झोप लागत नाही.’

कुणाचा प्रश्न, कुठल्या गावचा, काही कळायला मार्ग नव्हता. नावाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं होती. मी माझा रिव्ह्यू उघडला. त्याच्याखाली लिहिलेलं होतं: ४१ लोकांना हा रिव्ह्यू उपयुक्त वाटला.

आमचा कूलरवाला सक्करदऱ्याचा. त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत तोच नंबर आहे. मे महिन्यात त्याला बोलावणं म्हणजे डॉक्टरची वेळ मिळवण्यासारखं. तो तिसऱ्या दिवशी आला. मागची जाळी काढली, पंखा हाताने फिरवून पाहिला, मोटर सोडवून तळहातावर तोलली.

“ॲल्युमिनियमची वाइंडिंग हाय जी मॅडम हिची. अन् बेअरिंग नाही, बुश हाय. दिवसभर चालली का तेल सुकते, मंग आवाज येते. मार्चात काही समजत नाही.” मोटर फरशीवर ठेवत त्याने विचारलं, “कोणं सांगतलं हा घ्याले?”

“रिव्ह्यू चांगले होते,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि कॉपर वाइंडिंगची मोटर आणायला निघून गेला. १,६०० रुपये लागले. त्या रात्री सासूबाई झोपल्या. मी जागी होते.

‘मार्चात काही समजत नाही.’ त्या कार्डाचं सगळं मर्म त्याच्या या वाक्यात होतं. कार्ड छापणाऱ्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कूलर खरा कसा आहे ते मेमध्ये कळतं. मिक्सर कसा आहे ते दिवाळीचं भाजणीचं दळण एकदा काढलं की कळतं, आणि चपलेची परीक्षा पहिल्या पावसात होते. पण उत्साह असतो पहिल्या दिवशी. खोका नुकता उघडलेला, वस्तू चकचकीत, आपली निवड बरोबर ठरली याचा आनंद. कार्ड नेमकं तिथे ठेवलेलं असतं. त्या ३०० रुपयांत माझा पहिल्या दिवसाचा आनंद विकत घेतला गेला. आणि मे महिन्यात मला जे कळलं, ते लिहायला कुणी बोलावलं नाही. कुणाला पाच स्टार देऊन, पैसे घेऊन बसल्यावर, दोन महिन्यांनी उठून ते पुसायचं म्हणजे आपणच आपल्याला खोटं ठरवायचं. बहुतेक माणसं तसं करत नाहीत. मीही तो ईमेल आला नसता तर केलं असतं का, सांगता येत नाही.

म्हणून ‘शब्द खरे होते’ या समाधानावर मला आता विसंबता येत नाही. रिव्ह्यू ही एक साक्ष असते. ज्याला आपण कधी भेटणार नाही, ज्याला आपण कोण हे माहीत नाही, अशा माणसासमोर दिलेली. साक्षीदाराने पाहिलं तेच सांगितलं, पण साक्षीला येण्याचे पैसे एका पक्षाकडून घेतले आणि ते लपवले, तर न्यायालय त्या साक्षीचं काय करेल? समोरच्याला माझे शब्द दिसले. शब्दांमागचे ३०० रुपये दिसले नाहीत. ते दिसू नयेत अशी सूचना कार्डाच्या मागेच छापलेली होती.

पैसे घेऊन शिफारस करणं आपल्याकडे नवं नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी रेल्वे स्टेशनवर उतरलं की रिक्षावाला अमुक लॉजला चला म्हणून आग्रह करायचा. लॉजवाला त्याला काहीतरी देतो हे सात वर्षांच्या पोरालाही माहीत असे. बाबा त्याचं ऐकून घेत आणि हसून सांगत, “सीताबर्डीले घे बाप्पा, आमचं ठरलेलं आहे.” स्थळ सुचवणारा मध्यस्थ असो की प्लॉट दाखवणारा दलाल, त्याचा हिस्सा कुठे आहे हे समोर दिसत असे, आणि आपण त्याच्या बोलण्यातून तेवढं वजा करून उरलेलं ऐकत असू. यात लबाडी फारशी उरत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या हातात वजाबाकी असते.

चांदण्यांच्या सरासरीत ही वजाबाकी करताच येत नाही. मी गणिताची बाई, म्हणून विजेच्या बिलाच्या मागे मांडून पाहिलं. समजा दहा जणांनी स्वतःहून प्रामाणिक रिव्ह्यू दिले. सरासरी साडेतीन, म्हणजे एकूण ३५ चांदण्या. आता कार्ड पाहून वीस जणांनी पाच-पाच दिल्या, त्या १००. एकूण १३५, भागिले ३०. साडेचार. दहा माणसांचा खरा अनुभव तिथेच आहे, कुणी पुसलेला नाही, तरी तो दिसेनासा झाला. आणि बहुतेक ठिकाणी शोधताना ‘चार स्टार व त्यावरील’ अशी चाळणी लावता येते. साडेतीनचा कूलर त्या चाळणीतून खाली पडला असता, आमच्या नजरेलाही आला नसता. साडेचारचा वर राहिला. मी स्वतः तो तसाच शोधला होता, तीच चाळणी लावून.

चांदणीला किती किंमत आहे, याचा एक आकडा अभ्यासकांच्या चर्चेत नेहमी येतो. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या रेस्टॉरंटांचे येल्प या संकेतस्थळावरचे रिव्ह्यू आणि त्यांचं उत्पन्न ताडून पाहिलं. २०११ साली मांडलेल्या त्या अभ्यासात रेटिंग एका चांदणीने वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. एवढं हाती लागणार असेल तर पाच चांदण्यांच्या एका रिव्ह्यूसाठी ३०० रुपये मोजणं धंद्याच्या हिशेबात महाग नाही.

उपाय म्हणून सांगितलं जातं ते एवढंच, की पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर तसं लिहा. अ‍ॅमेझॉनवर (माझा कूलर तिथला नव्हता) फुकट वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू द्यायला पूर्वी मुभा होती. वस्तू फुकट मिळाली एवढं सांगितलं की झालं. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने ते बंद केलं आणि स्वतःचा ‘व्हाइन’ हा कार्यक्रम तेवढा चालू ठेवला. त्यात वस्तू फुकट मिळते, पण रिव्ह्यूवर तशी खूण असते. खूण असणं न असण्यापेक्षा नक्कीच बरं. तरी माझ्यातली गणिताची बाई शांत होत नाही. वाक्याखाली ‘वस्तू मोफत मिळाली’ असं लिहिता येतं. सरासरीच्या आकड्याखाली कुठे लिहिणार? आकडा तर सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, आणि घाईतला माणूस आकडाच पाहतो.

आपल्याकडे कायदा याबाबतीत मुका नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी वेगळं मानक आणलं, आयएस १९०००:२०२२. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं लावून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, असं त्याचं सांगणं. पण ते आणलं ऐच्छिक म्हणून. जानेवारी २०२३मध्ये सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी सूचना आल्या, की पैसे, सवलत, फुकट वस्तू, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगा. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या नियमाने अमुकच मत द्या अशा अटीवर मोबदला देणं बेकायदा ठरवलं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५पासून तसेच कडक नियम आले. हे सगळं मी जूनमध्ये वाचलं, कूलर आवरून माळ्यावर ठेवल्यावर. मार्चमध्ये हे कुणी मला वाचून दाखवलं असतं तरी ‘इन्फ्लुएन्सर म्हणजे दुसरं कुणीतरी’ असंच मी म्हटलं असतं. माझ्या एकटीच्या पाच चांदण्यांनी एक्केचाळीस माणसांवर प्रभाव पडला होता, आणि मी स्वतःला फक्त एक गिऱ्हाईक समजत होते.

आमच्या गल्लीतल्या एका मुलालाही गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर घरबसल्या कामाचा मेसेज आला होता. हॉटेलांना पाच स्टार द्यायचे, प्रत्येकी पन्नास रुपये. पहिले दीडशे खरंच आले. मग टेलिग्रामचा ग्रुप, मग ‘प्रीपेड टास्क’, आधी पाच हजार भरा, मग तीस हजार भरा, आणि शेवटी गेले ते आईच्या मुदतठेवीचे पैसे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करेपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. सगळे त्याच्या भोळेपणाबद्दल बोलले. त्याने दिलेल्या चांदण्या पाहून कुणी त्या हॉटेलांत उतरलं असेल, याबद्दल कुणीच बोललं नाही. मीही नाही.

ज्याच्याशी यावर बोलावंसं वाटलं, तो माझा जुना विद्यार्थी. मानेवाड्याकडे त्याचं छोटं भोजनालय आहे. सहा टेबलं, दुपारी डबे, संध्याकाळी थाळी. पाटवडीचा रस्सा त्याच्या आईच्या हातचा, आणि तो मी कुणालाही डोळे मिटून सुचवेन. गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा स्टँड होता आणि त्यावर लिहिलेलं: रिव्ह्यू द्या, एक ग्लास ताक मोफत.

मी त्याला माझी सगळी कथा सांगितली. तो मनापासून ऐकत होता. मग स्टँडकडे बोट दाखवून म्हणाला, “पण बाई, मी थोडीच म्हणून राह्यलो का पाचच द्या म्हणून? तीन द्या, दोन द्या. ताक सगळ्यांले.”

त्याचं म्हणणं प्रामाणिक होतं. मी जेवत बसले आणि तासभर पाहत राहिले. पाच-सहा जणांनी रिव्ह्यू दिले. प्रत्येक जण फोन घेऊन गल्ल्यापाशी यायचा, पडदा त्याच्यासमोर धरायचा, आणि पोऱ्या ताकाचा ग्लास पुढे करायचा. मालकाच्या डोळ्यांसमोर फोन धरून तीन चांदण्या कोण दाखवेल? तेही फुकटचं ताक पिता पिता? पाचच द्या असं सांगायचीही गरज नव्हती. ते मी त्याला म्हटलं. ताक द्यायचं तर सगळ्यांना दे, किंवा कुणालाच नको. आणि तो कोड गल्ल्यापासून उचलून हात धुवायच्या बेसिनपाशी लाव, तुझ्या नजरेआड. ज्याला लिहायचं तो लिहील.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग फोन काढून त्याने मला एक जुनी रात्र दाखवली. एका रात्रीत सात रिव्ह्यू, सगळे एक स्टारचे. ‘बेकार’, ‘जाऊ नका’, एकात तर इथलं चिकन वाईट असल्याचं लिहिलेलं. त्याचं भोजनालय शाकाहारी आहे. “ही सात माणसं इथं कधी आलीच नाही, बाई. समोरच्याचे साडेचारशे रिव्ह्यू आहेत, माझे तेव्हा एकोणतीस होते. साडेचारवरून किती खाली आलो असंन, तुम्हीच करा हिशेब. महिनाभर डबे तुटले. तवा मी ताक सुरू केलं. नाही तं काय करतो?”

हिशेब मी केला. एकोणतीस रिव्ह्यू साडेचारचे, त्यात सात एकचे: ३.८. चाळणीच्या खाली.

माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. खोट्या सात चांदण्यांवर खऱ्या माणसांच्या थोड्या फुगवलेल्या चांदण्यांचं लिंपण, हे मी चूक म्हणते आणि आजही म्हणेन. पण ते ७,४०० रुपयांच्या वस्तूच्या खोक्यात हजारो कार्डं छापून टाकणाऱ्याच्या रांगेत मी बसवणार नाही. एकाच्या पाठीशी आईच्या हातची पाटवडी आहे. दुसऱ्याला माहीत होतं की मोटर मेमध्ये बोंब मारणार. दोघांना एकच शब्द लावला की मोठ्याची सोय होते.

पुढच्या वेळी गेले तेव्हा स्टँड गल्ल्यावरच होता. ‘ताक मोफत’वर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. ताक थाळीबरोबर सगळ्यांना येत होतं. थाळी दहा रुपयांनी वाढवली होती. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

माझ्या रिव्ह्यूचं काय केलं ते सांगायचं राहिलं. ईमेल आला त्याच दिवशी मी आधी त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. मार्चमध्ये आवाज कमी होता. मेमध्ये दिवसरात्र चालवल्यावर रात्री खूप आवाज येऊ लागला. आमच्या घरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना झोप लागत नाही. मोटर बदलल्यावर रिव्ह्यू उघडला, पाचाचे दोन केले, आणि वर पहिली ओळ लिहिली: ‘आधीचे पाच स्टार देताना मी विक्रेत्याकडून ३०० रुपये घेतले होते.’ ते टंकताना हात थरथरत होता. बत्तीस वर्षांत एकदाही गुणपत्रिकेवर खाडाखोड केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा मेसेज आला. आधी ‘डिअर मॅडम’, मग गैरसोयीबद्दल दिलगिरी, मग प्रस्ताव: कूलरचे पूर्ण ७,४०० रुपये परत करतो, कूलरही ठेवा, फक्त रिव्ह्यू काढून टाका.

हे म्हणाले, “घे ना. पैसे तर आपल्या हक्काचेच आहेत. वस्तू खराब निघाली.”

खरंच होतं ते. हक्काचे होते. मोटरचे १,६०० तर नक्कीच. म्हणूनच तो प्रस्ताव मला कार्डापेक्षा जास्त लागला. कार्डाने स्तुतीची किंमत दिली होती. इथे माझी न्याय्य भरपाई माझ्या गप्प बसण्याला बांधून पुढे केली होती, जणू एकाशिवाय दुसरं मिळतच नाही. अमेरिकेत २०१६चा एक कायदा आहे, विक्रेत्याने ठरीव करारात ग्राहकाचं तोंड बंद करणारी अट घातली तर ती रद्दबातल धरणारा. माझ्याशी कुणी करार केला नव्हता. नुसता गोड मेसेज होता.

मी यूपीआयने ३०० रुपये त्याच नंबरवर परत पाठवले आणि लिहिलं, भरपाई द्यायची असेल तर अट न घालता द्या. त्यावर उत्तर आलं नाही. ज्यांच्या अंगात भांडायची ताकद आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. माझ्यात त्या उन्हाळ्यात ती नव्हती, रात्रीची जागरणं झाली होती. १,६०० रुपये गेले ते गेले.

प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. माझं उत्तर त्यांनी पाहिलं की नाही, की आईसाठी आधीच कूलर घेऊन झाला होता, काहीच नाही. मी अधूनमधून तो रिव्ह्यू उघडून बघते. दोन चांदण्या, ३०० रुपयांची ओळ, मोटरची हकीकत, कॉपर वाइंडिंगचा सल्ला. त्याच्याखाली आता ४३ लोकांना उपयुक्त वाटल्याचं दिसतं. म्हणजे नवा मजकूर दोघांनी वाचला असेल. बाकीच्या एक्केचाळीसांनी वाचला तो मार्चमधला. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, कुठल्या कुठल्या खोल्यांत त्यांचे कूलर चालू असतील. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचवायचं बटण त्या पानावर कुठेच नाही. मी वरपासून खालपर्यंत पाहिलं.